मदत हवी आहे : जुने फंक्शन बंद होणार ही सूचना फक्त प्रोग्रामरलाच कशी दिसेल?

नमस्कार. रावेर-यावल भागातील केळी व्यापाऱ्यांच्या काटापावत्यांसाठी मी पायथॉनमध्ये एक छोटी लायब्ररी लिहिली असून जळगाव आणि धुळ्यातील चार प्रोग्रामर ती वापरतात. कटती वजा करून निव्वळ वजन काढणारे तिच्यातील जुने फंक्शन मला पुढे काढून टाकायचे आहे. पर्यायी फंक्शन तयार आहे.

सूचनेत माझ्या नव्हे तर त्यांच्या फाइलमधील ओळ दिसावी म्हणून मी स्टॅकलेव्हल २ देऊन डेप्रिकेशनवॉर्निंग (फंक्शन पुढे बंद होणार अशी प्रोग्रामरसाठीची सूचना) टाकली. परंतु पायथॉन ३.७पासून ही सूचना मुख्य फाइलमधून थेट केलेल्या कॉललाच आपोआप दिसते, आणि या चौघांचे कॉल आतल्या मॉड्यूलमधून येत असल्याने कोणालाच काही दिसले नाही. मग फ्यूचरवॉर्निंग (अशीच, पण वापरकर्त्यांनाही आपोआप दिसणारी सूचना) वापरली, तर ती थेट दिवाणजींच्या पडद्यावर उमटली आणि काटा बिघडला असे समजून त्यांनी वजनच थांबवले. (त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.)

पायटेस्ट हे चाचण्या चालवणारे साधन या सूचना दाखवते, पण चौघांपैकी एकच जण चाचण्या लिहितो. काट्यांवरचे संगणक विंडोज ७वर, म्हणजेच त्यावर चालणाऱ्या शेवटच्या पायथॉन ३.८वर अडकलेले असल्याने ३.१३मधील डेप्रिकेटेड डेकोरेटर (फंक्शन बंद होणार हे टाइप तपासणाऱ्या साधनालाही कळवणारी खूण) थेट उपलब्ध नाही. टायपिंग-एक्स्टेन्शन्स या, जुन्या पायथॉनला नव्या सोयी देणाऱ्या पॅकेजमधून तो घेतला तरी टाइप तपासणारे साधन त्यांच्यापैकी कोणीच चालवत नाही.

अशा स्थितीत लायब्ररीने स्वतःचा सूचनावर्ग करून तो एखाद्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलने (त्या संगणकापुरत्या सेटिंगने) प्रोग्रामरच्याच संगणकावर चालू ठेवावा, की वॉर्निंगच्या फिल्टरला (कोणती सूचना दाखवायची हे ठरवणाऱ्या नियमांना) हात लावणे हे लायब्ररीचे कामच नव्हे?