मदत हवी आहे: ज्यौन्यांगसाठी चिकट तांदूळ पुण्यात कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त तीन वर्षं चीनमध्ये शाओशिंगला होते. हे गाव ह्वांगज्यौ या तांदळाच्या पिवळसर दारूसाठी प्रसिद्ध आहे. तिथे ती थंडीत, ज्यानहू तळ्याचं पाणी वापरून बनवतात. मला मात्र घरमालकीण आजींनी शिकवलेलं ज्यौन्यांग करायचंय, म्हणजे आंबवलेला गोड भात.

कृती सोपी आहे. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून उकडायचा, पाण्याखाली धुऊन कोमट करायचा आणि ज्यौछ्यूची, म्हणजे किण्वाची, पांढरी गोळी कुटून चोळायची. मग वरणासाठी करतो तसं मधोमध आळं करायचं. गोळीतली बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट त्या साखरेची दारू. दीड-दोन दिवस ३० अंशांच्या आसपास ऊब मिळाली की आळ्यात गोड रस साचतो. आजी भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायच्या, तीच सवय मलाही लागली आहे.

इथे आंबेमोहोर वापरून दोनदा केलं. पहिल्यांदा रसच सुटला नाही. दुसऱ्यांदा आंबट वास आला आणि कडेला गुलाबी डाग दिसले, तेव्हा सगळं फेकून दिलं (गुलाबी बुरशीशी खेळ नको). चूक तांदळाची, की गोळ्या वर्षभर जुन्या झाल्या म्हणून?

आसामचा बोरा किंवा मणिपूरचा काळा चाखाओ, म्हणजे तिकडचा चिकट तांदूळ, पुण्यात कुणी घेतलाय का? कुठे मिळतो? आणि ताज्या गोळ्या भारतात कुणाला मिळाल्यात का? पुढच्या महिन्यात लेकीचा वाढदिवस आहे. तिला तिथला तो गोड रस अजून आठवतो.