मदत हवी आहे: जुन्या आणि आजच्या बॉक्सरांचे आकडे शेजारी-शेजारी कसे मांडू?

टिपणवही
व्यावसायिक बॉक्सिंग पिढ्यान्‌पिढ्या कसं बदललं यावर लेख लिहितोय. एक्सेलमध्ये हॅरी ग्रेब, हेन्री आर्मस्ट्राँग, शुगर रे रॉबिन्सन आणि मेवेदर यांचे रेकॉर्ड मांडलेत आणि तीन ठिकाणी अडलोय.
१) ग्रेबच्या निम्म्याहून अधिक लढती 'निकाल नाही' अशा दिसतात. त्या बरोबरीत धरायच्या का?
२) वेल्टरवेट या वजनगटाची मर्यादा तेव्हाही १४७ पौंड, आताही १४७. मग ही तुलना तरी सरळ आहे ना?
३) १५ फेऱ्यांच्या १२ झाल्या, त्याने खरंच काही फरक पडला का?

कोपऱ्यातलं स्टूल
पहिल्याचं सांगतो. बरोबरीत अजिबात धरू नका, सगळा तक्ता बिघडेल. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ फ्रॉली कायदा होता. लढत जास्तीत जास्त १० फेऱ्यांची, आणि गुणांवर निकाल द्यायला बंदी. म्हणजे आपल्या निकाली कुस्तीसारखं: पाडलंत तर जिंकलात, दोघे उभे राहिले तर कागदोपत्री काहीच नाही. इतर काही राज्यांतही असेच नियम होते. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे बातमीदार 'अमुक सरस होता' असं छापत आणि पैजा त्यावर मिटत. दोन पेपरांत दोन विजेतेही सापडतात.

त्यामुळे 'वर्तमानपत्री निकाल' असा वेगळा स्तंभ करा, त्यात जिंकल्या-हरल्या अशी फोड ठेवा, आणि अधिकृत बेरजेत तो मिसळू नका. आणखी एक मेख: अशा लढतीत चॅम्पियन पडला तरच विजेतेपद जायचं, म्हणून चॅम्पियन मंडळी सांभाळून खेळत. १९२० च्या वॉकर कायद्याने १५ फेऱ्या आणि गुणांवरचा निकाल आला. ग्रेबचे आकडे १९२० आधीचे आणि नंतरचे असे तोडूनच वाचा.

(इथे कुठेही 'पंच' लिहिलं तर ते निकाल देणारे, ठोसा नव्हे!)

वजनकाटा
दुसरा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. रॉबिन्सनच्या काळी वजन लढतीच्या दिवशीच व्हायचं. १९८० च्या दशकापासून ते आदल्या दिवशी होऊ लागलं. हेतू चांगला होता, वजन उतरवायला पाणी तोडून सुकलेल्या माणसाने त्याच दिवशी डोक्यावर मार खाऊ नये. झालं उलटंच. मध्ये २४ तासांहून जास्त मिळतात म्हटल्यावर बॉक्सर आणखी सुकायला लागले आणि रात्रीतून भरून घ्यायला लागले. फेब्रुवारी २००० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला आर्टुरो गाटी १४१ पौंडांच्या मर्यादेत बसला आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्यांच्या काट्यावर १६० भरला. समोरचा जोई गमाश दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली आणि कारकीर्द तिथेच संपली.

म्हणून आजचा '१४७' म्हणजे काट्यावरचा आकडा, रिंगमधला नव्हे. विश्वकिताब देणाऱ्या संघटनांपैकी डब्ल्यूबीसी ३० दिवस आधी मर्यादेच्या १० टक्क्यांपेक्षा आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन चालवत नाही. दुसरी संघटना आयबीएफ लढतीच्या सकाळी पुन्हा मोजते आणि मर्यादेवर १० पौंडांची सूट देते. याउलट १९३८ मध्ये आर्मस्ट्राँगने बार्नी रॉसकडून वेल्टर किताब घेतला तेव्हा तो स्वतः १३३½ पौंडांचा होता, म्हणजे लाइटवेटच्या १३५ च्याही खाली.

त्याच वर्षी फेदर, लाइट आणि वेल्टर हे तिन्ही किताब एकाच वेळी त्याच्याकडे होते. तेव्हा एकूण वर्गच आठ. आज १७ वर्ग (ब्रिजरवेट हा नवा वर्ग सोडून) गुणिले चार संघटना, म्हणजे ६८ पट्टे. 'किती वेळा विश्वविजेता' हा स्तंभ माझ्या मते उडवाच.

पंधरावी फेरी
तिसऱ्या प्रश्नाला हिशेबच देतो. १५ फेऱ्या आणि मधल्या १४ विश्रांती मिळून ५९ मिनिटं. १२ फेऱ्यांची ४७. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला डुक कू किम काही दिवसांत वारला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने १९८३ पासून १२ फेऱ्या केल्या, डब्ल्यूबीए या तिसऱ्या संघटनेने १९८७ मध्ये, आयबीएफने १९८८ मध्ये. तासाभरात जाहिरातींसकट बसणारी लढत टीव्हीला नको होती असं कोणी म्हणणार नाही.

फरक पडला का? या तीन लढती बाराव्या फेरीनंतर थांबवून बघा:
– १८ जून १९४१, जो लुई वि. बिली कॉन. बारानंतर कॉन दोन पंचांकडे पुढे, तिसऱ्याकडे बरोबरी. तेराव्यात २ सेकंद उरलेले असताना लुईने खेळ खलास केला.
– २३ सप्टेंबर १९५२, मार्सियानो वि. वॉलकॉट. वॉलकॉट तिघांकडेही पुढे. तेराव्यात मार्सियानोचा एकच उजवा ठोसा.
– १६ सप्टेंबर १९८१, लेनर्ड वि. हर्न्स. हर्न्स तिघांकडे पुढे. चौदाव्यात रेफ्रीने थांबवली, लेनर्ड जिंकला.
आजच्या नियमांत तिन्हींचा विजेता वेगळा. मार्सियानोच्या ४९-० मध्ये मग एक हार असती!

जुनी गुणपत्रकं बघताना सावध. न्यूयॉर्कला जिंकलेल्या फेऱ्या मोजत, म्हणून '७-५' दिसतं. ते आजच्या दहा गुणांच्या पद्धतीत (फेरी जिंकणाऱ्याला १० गुण) बदलू नका. ब्रिटनमध्ये एकटा रेफ्री गुण द्यायचा. १९७१ मध्ये बग्नर हेन्री कूपरला पाव गुणाने हरवून गेला, तो छपाईदोष नाही.

टिपणवही
मनापासून आभार. सलिव्हन वि. किलरेन, १८८९, ७५ फेऱ्या. हे 'फेऱ्या' स्तंभात घालू ना?

कोपऱ्यातलं स्टूल
नको, मिनिटं घाला: २ तास १६ मिनिटं. उघड्या मुठींच्या नियमांत कोणी पडला की फेरी संपायची आणि ३० सेकंदांची विश्रांती. ती वजा केली तर एक फेरी सरासरी दीड मिनिटही भरत नाही. तीन मिनिटांची फेरी क्वीन्सबरी नियमांची (हातमोज्यांच्या बॉक्सिंगचे नियम), १८६७ ची.

वजनकाटा
अवांतर: १९१९ ची डेम्प्सी-विलर्ड फिल्म बघणार असाल तर वेग ०.७५ वर ठेवा. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची फिल्म आजच्या वेगाने चालवली की माणसं माकडासारखी उड्या मारताना दिसतात आणि लोक म्हणतात, यांना तंत्रच नव्हतं. आणि विलर्ड उठतोय न उठतोय तोच डेम्प्सी मारतो, तो फाउल नव्हे. पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जायचं, हे बंधन तेव्हा नव्हतं. १९२७ मध्ये शिकागोला ते होतं, डेम्प्सी जायला रेंगाळला आणि पडलेल्या प्रतिस्पर्धी टनीला उठायला सुमारे १४ सेकंद मिळाले.