मदत हवी आहे: रास्पबेरी पाय ४ वर दुसरा सिरियल पोर्ट चालू केला की तापमान गायब

आमची सोसायटी दादरची, सात मजली. गेल्या उन्हाळ्यात खालची टाकी रिकामी असताना वॉचमनकाकांनी पंप चालू केला आणि मोटर जळली. रिवाइंडिंगच्या बिलावरून मीटिंग तापली, तेव्हा मी बोलून बसलो, "मी करतो काहीतरी." आता निस्तरतोय.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) पंपरूममध्ये आहे. ब्लूटूथ बंद करून ८ आणि १० नंबरच्या पिनांवर जीएसएम मॉडेम (मोबाइल नेटवर्कला जोडणारा), आणि मोटरच्या अंगाला चिकटवलेला डीएस१८बी२० तापमान सेन्सर ७ नंबरवर. हे चार महिने सुरळीत चाललं.

आता खालच्या टाकीची पातळी बघायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावलाय. तो ९६०० बॉडच्या वेगाने नुसते आकडे पाठवत राहतो. कॉन्फिग फाइलमध्ये यूएआरटी ३ (पायवरचा एक जादा सिरियल पोर्ट) चालू करणारी ओळ, म्हणजे ओव्हरले, टाकला, सेन्सरची टीएक्स (आकडे पाठवणारी) वायर २९ नंबरला दिली (सेन्सर ५ व्होल्टचा, म्हणून मध्ये रेझिस्टरचा डिव्हायडर). रीबूट केल्यावर आकडे पहिल्या फटक्यात आले! पण तापमानाचा सेन्सर दिसेनासा झाला. ओव्हरलेची ओळ काढली की परत हजर. अडॅप्टर बदलून पाहिला, फरक नाही.

तापमानाच्या वायरीवर एपॉक्सी ओतलंय, ती तेवढी हलवायला लावू नका.

प्रतिसाद १:
अडॅप्टर बिचारा निर्दोष आहे. तुम्ही फक्त आरएक्स (आकडे घेणारी पिन) वापरताय, पण ओव्हरले टीएक्सची पिनही अडवून ठेवतो. यूएआरटी ३ ची टीएक्स म्हणजे जीपीआयओ ४ (हा चिपच्या हिशोबातला नंबर), म्हणजेच बोर्डावरची तुमची ७ नंबरची पिन. तुमचा तापमान सेन्सर ज्या वन-वायर पद्धतीने बोलतो, तिची डीफॉल्ट जागाही तीच. डीएमईएसजीमध्ये (सिस्टिमच्या संदेशांच्या नोंदीत) जीपीआयओ ४ वरून तक्रार दिसेल. यूएआरटी ५ घ्या: जीपीआयओ १२ आणि १३, बोर्डावर ३२ आणि ३३. तुमची वायर २९ वरून ३३ वर न्या, एपॉक्सीला धक्का नाही. यूएआरटी ४ च्या वाटेला मात्र जाऊ नका, त्याच्या पिना एसपीआय या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या आहेत. प्रोग्राममध्ये पोर्टचं नावही बदला, हे हमखास राहतं.

धागाकर्ता:
तक्रारीची ओळ सापडली, आणि पोर्टचं नाव बदलायचं राहिलंच होतं! आता दोन्ही चालू. असाच सेन्सर गच्चीवरच्या टाकीला लावून वायर खाली आणली तर?

प्रतिसाद १:
सात मजले अशी सिरियल वायर ओढू नका, भलतेच आकडे येतील. दोन्ही टोकांना आरएस-४८५ चे (लांब अंतराच्या सिरियल जोडणीचे) मॉड्यूल लावा आणि पिळाची जोडवायर वापरा. त्याचा वेगळा धागा काढा, मलाही आमच्या इमारतीत तेच करायचंय.