पिनकोडवर करून बघा
संख्येला 9 ने भाग जातो का, हे अंकांच्या बेरजेवरून कळतं हे खरं, पण मोठ्या संख्येला 7, 11, 13 ने भाग जातो का हे बघायला कॅल्क्युलेटरच हवा, असं काही जण म्हणतात ते मला पटत नाही. 1001 = 7 × 11 × 13 आणि 999 = 27 × 37, एवढ्यावर भागतं. आमच्या लातूरचा पिनकोड घ्या, 413512. तीन-तीन अंकांचे गट पाडा; गटांच्या वजाबाकीवरून 7, 11, 13 कळतात, बेरजेवरून 27 आणि 37. 512 − 413 = 99, त्याला 11 ने भाग जातो, 7 नि 13 ने नाही; मूळ संख्येचंही तेच. गटांची बेरीज 925, म्हणजे 25 × 37, म्हणून 37 हाही अवयव. पुढे 8 × 11 × 37 × 127 मिळायला कितीसा वेळ? धाराशिवचा 413501 नेमका 11 ने कमी, त्यामुळे तिथं 11 तपासायचीही गरज नाही.

संभाजीनगरचा 431001 जास्त मजेदार. अंकांची बेरीज फक्त 9, पण 431 + 1 = 432 = 16 × 27, म्हणून 27 नेही भाग जातो (खरं तर 81 नेही: 81 × 17 × 313). उलट 1899 च्या अंकांची बेरीज 27 असून 27 ने भाग जात नाही. तेव्हा 9 ची युक्ती 27 ला लावू नका. संख्या आणखी लांब असेल तर गट उजवीकडून पाडा. 1001 साठी आळीपाळीने अधिक-उणे, 999 साठी नुसती बेरीज.