ड्रिलची बॅटरी मान टाकते : सेल बदलू की नवी घेऊ?

सुतारपक्षी: १८ व्होल्टचा कॉर्डलेस ड्रिल, २ अँपिअर-अवरची बॅटरी, चार वर्षं जुनी. चार्जरचा दिवा हिरवा होतो, पण दहा-बारा स्क्रूंत खेळ खल्लास. काम मॉड्युलर किचनचं. बजेट २००० रुपये, वर एक पैसा नाही.

रंधा: दोन ४ अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांसकट ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचं) किट घ्या. दहा-बारा हजारांत पाच वर्षं डोक्याला ताप नाही.

पेचकस: रंधाशेठ, बजेट वाचा की! लिथियमची बॅटरी साधारण ३०० ते ५०० चार्जिंग चालते. रोजच्या कामाला तीन-चार वर्षं म्हणजे वसूल झाली. खोलून बघा, आत १८६५० मापाचे पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतील. फुल चार्जनंतर एकेक सेल मल्टिमीटरने मोजा. चार सेल ४.१ व्होल्ट आणि एक ३.६ दाखवत असेल तर तोच बाकीच्यांना बुडवतोय.

भुंगा: मग तेवढा एक बदलायचा.

पेचकस: नाही. नवा-जुना एकत्र टाकला की महिन्याभरात पुन्हा तेच. पाचही एका बॅचचे, १५-२० अँपिअर करंट झेपणारे घ्या. पॉवरबँकचे सेल लोड आला की बसतात. सोल्डरिंग नको, उष्णतेने सेल बिघडतो. निकेल पट्टी आणि स्पॉट वेल्डिंगच.

बोहरीआळीकर: बाजारात ‘४८ व्होल्ट’ लिहिलेल्या मिळतात, त्या बघा. जोर जास्त.

पेचकस: जोर स्टिकरात. आत तेच पाच सेल: एका सेलचे सरासरी ३.६ व्होल्ट गुणिले ५, झाले १८. फुल चार्जला २१.

रंधा: म्हणजे २० व्होल्टवाले पण फसवतात?

पेचकस: फुल चार्जच्या जवळपासचा आकडा छापतात, एवढंच.

कोयंडा: बिजागरीच्या वाटीची ३५ मिमीची भोकं याच ड्रिलने पाडता ना? २ अँपिअर-अवरची बॅटरी त्यानेच तापते, आणि तापलेलीच चार्जरला लागते. अर्धा तास गार होऊ द्या. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. महिनाभर काम नसेल तर अर्धी चार्ज करून काढून ठेवा. पूर्ण उतरलेली पडून राहिली तर चार्जर तिला ओळखतच नाही.

रंधा: म्हणूनच म्हणतो, किट घ्या.

भुंगा: वाटीला वायरवाला ड्रिल वापरा. २००० च्या आसपास मिळतो.

सुतारपक्षी: सगळ्यांचे आभार. १४०० ला डुप्लिकेट बॅटरी मिळतेय, सहा महिन्यांची वॉरंटी. तीच घेतो.

पेचकस: निदान वजन करून घ्या. पाच सेलच सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात. अख्खी बॅटरी त्याहून हलकी लागली तर परत करा.