मदत हवी आहे: दवाखान्यातलं ऑफिसचं काम कुठं शोधावं?

नमस्कार ताई-दादांनो. मी घाटंजी तालुक्यातली, बीएस्सी झालेली. ४ वर्षांपासून एका डॉक्टरांकडे केसपेपर लिहिते. चिठ्ठीवर 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, 'टीडीएस' तीनदा, 'एचएस' झोपताना, हे आता पाठ आहे. एकदा थायरॉइडच्या पेशंटला 'हायपो' (ग्रंथीचं काम कमी) ऐवजी 'हायपर' (काम जास्त), म्हणजे नेमकं उलटं लिहून बसले होते. डॉक्टरांनी वेळीच पाहिलं म्हणून बरं. डॉक्टरांचं अक्षर मात्र मेडिकलवाल्याच्या आधी मलाच वाचता येतं!

सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत मेडिकल रेकॉर्ड, बिलिंग, कॅशलेस विम्याच्या डेस्कवर माझ्यासारखीला घेतात का? महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राची (रुग्णालयात योजनेच्या पेशंटना मदत करणाऱ्याची) भरती कुठं कळते? आयसीडी-१० कोडिंग (आजारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं) शिकावं म्हणते, पण मागं एका क्लासनं 'शंभर टक्के नोकरी' सांगून फी घेतली अन् नंतर फोनच उचलला नाही. तेव्हापासून बाबा कापसाचे पैसे सोडायला तयार नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

कोणी हे काम करत असेल तर सांगा, मुलाखतीत नेमकं काय विचारतात? इंग्रजी बोलताना अडते, वाचताना नाही. रोज एसटीनं यवतमाळपर्यंतच जमेल, त्यापुढं खोली करावी लागेल.