अनुभव धागा : रसग्रहण लिहायला तुम्ही कसे शिकलात? (ठाणे-नवी मुंबईकर, लिहा!)

धागाकर्ती, नौपाडा
लेक यंदा दहावीला. कविता आवडीने, चालीवर म्हणते. रसग्रहण लिहायला बसली की मात्र गाइडातलं वाक्य उमटतं : 'कवीने अतिशय सुंदर वर्णन केले आहे.' कुठल्याही कवितेला चालेल असं! कुमारभारतीच्या 80 गुणांच्या पेपरात रसग्रहण 4 गुणांचं. गुण मिळतीलही, पण तिची कवितेशी ओळख व्हावी असं मनापासून वाटतं. तुम्ही कसे शिकलात, कसं शिकवलंत?

ऐरोलीचा बाबा
ताई, आमचं घोडं अलंकारांपाशी अडलं होतं. उपमेय-उपमान तोंडपाठ, पण ओळीत ओळखता येईना. मार्चमधल्या एका रविवारी लेकाला खाडीवर नेलं. रोहित पक्षी उतरले होते. म्हटलं, दिसतंय ते सांग. "खाडी गुलाबी शालूसारखी दिसतेय." ही झाली उपमा. मग 'जणू' घालायला लावलं : खाडी जणू गुलाबी शालूच. ही उत्प्रेक्षा. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "ही खाडी नाहीच बाबा, शालू अंथरलाय!" अपन्हुती त्याने आधी केली, नाव मी नंतर सांगितलं.

खरी मेहनत पुढे होती. 'येथे उपमा अलंकार आहे' एवढं लिहून तो थांबायचा. मी विचारायचो, शालूच का? चादर का नाही? "शालू लग्नात नेसतात, म्हणजे खाडी नटलीय." मग हेच लिही की! अलंकाराचं नाव सांगणं सोपं, त्याने कवितेत काय घडवलं ते सांगायला महिना गेला.

निवृत्त मराठी शिक्षिका, पाचपाखाडी
'शालूच का?' हा प्रश्न मला फार आवडला. परीक्षेत वेळ कमी, म्हणून मांडणी ठरलेली असू द्या : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य, असे तीन लहान परिच्छेद. आशयात विषय आणि कवीची भावना. काव्यसौंदर्यात रस, अलंकार, प्रतिमा. भाषेत बोली, यमक, लय, ओवी-अभंग की मुक्तछंद. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ओळींचा सरळ अर्थ लिहीत सुटणं. तो भावार्थ झाला.

पहिल्या वाचनाला मी मुलांना पेन खाली ठेवायला सांगायचे. दोनदा मोठ्याने वाचायचं, मग एकच प्रश्न : कुठल्या शब्दापाशी थांबलात? लिखाण त्या शब्दापासून सुरू.

घणसोली, सध्या बी.ए.
माझी आजी धवलारीण, आगरी लग्नांत धवले गाते. शाळेत मी घरची बोली लपवायचे. दहावीत पद्यातली पुनरुक्ती शिकवली, ती काही केल्या कळेना. घरी येऊन आजीला विचारलं, तीच ओळ परत परत का म्हणतेस? ती म्हणाली, मागच्या बायांना ओळ झेलता यायला हवी. ध्रुवपद कशासाठी असतं ते मला तिथे समजलं. परीक्षेत पुनरुक्तीवर दोन वाक्यं लिहिली, दोन्ही माझी होती.

नेरूळ
वृत्ताची भीती मनाच्या श्लोकांनी घालवली. लहानपणापासून पाठ होते. भुजंगप्रयात म्हणजे चार 'य' गण (प्रत्येक गण लघु-गुरू-गुरू, म्हणजे एक ऱ्हस्व नि दोन दीर्घ), ओळीत 12 अक्षरं. ठाण्याला क्लासला जाताना लोकलमध्ये बोटांवर लघु-गुरू मोजायचो : यमाता, यमाता, यमाता, यमाता.

कोपरी
माझा अनुभव कडू आहे. पावसावरची कविता होती. आमचं घर तळमजल्यावर, दर पावसाळ्यात पाणी शिरायचं. मी लिहिलं की या ओळींतला पाऊस मला आनंदी वाटत नाही, आणि कुठल्या शब्दांमुळे तेही लिहिलं. पूर्वपरीक्षेत निम्मे गुण गेले, शेरा 'अपेक्षित उत्तर नाही'. त्यानंतर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत गाइडच पाठ केलं. अजून सलतं.

निवृत्त मराठी शिक्षिका, पाचपाखाडी
कोपरीच्या ताई, वाचून वाईट वाटलं. ओळीचा आधार दिला असेल तर वेगळा अर्थ चुकीचा ठरत नाही. तुम्ही आधार दिला होता.

धागाकर्ती, नौपाडा
काल रात्री लेकीला विचारलं, कुठल्या शब्दापाशी थांबलीस? बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, एखादी मोठी प्रतिमा सांगेल. म्हणाली, "'अजून'पाशी. 'अजून' म्हणजे कवी वाट बघतोय ना, आई?" पान अर्धंच भरलं, पण गाइड उघडलं नाही.